एकोणीस नंबरचा चॅनेल

ज्याला पटेल त्याने वाचा, नाही पटलं तर खुशाल हसा. पण माझ्या दाजींना थापाडे म्हणू नका. थाप मारायलाही अंगात उत्साह लागतो, आणि तो त्यांच्यात मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साउंडवाले. सव्वीस वर्षं बँडचा आवाज जुळवतायत. पूर्वी हॉलच्या मागे, सगळे आवाज एकत्र होतात त्या भल्यामोठ्या मिक्सरसमोर बसायचे. आता मिक्सर स्टेजवर आणि दाजींच्या हातात टॅबलेट. हॉलभर फिरायचं, ऐकायचं, बोटाने पडद्यावरच्या पट्ट्या वरखाली करायच्या.

या टॅबलेटनेच त्यांची लाज राखली होती.

कारण वर्षभरापूर्वी दाजींचा उजवा कान गेला. पार ठार.

ताई आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. एका कानाच्या साउंडवाल्याला कोण उभं करणार? आणि दुसरं काम त्यांना येत नाही. मग फिरता फिरता डावा कान स्टेजकडे करायचा आणि बाकीचं पडद्यावरचे हिरवे-लाल दिवे बघून रेटायचं. कानाचं काम डोळ्यांवर. घरी आले की बूट न काढता तसेच खुर्चीत बसायचे. बिचारे वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारे झाले.

तो मंगळवार होता. दुपारचे चार.

एक जुनं सभागृह. साउंडचेक आटोपला आणि बँडची मंडळी चहाला निघाली. जाता जाता गायिका म्हणाली,

"काका, माझा आवाज आज जरा कानाला टोचतोय. बघता का?"

दाजींना काहीच टोचत नव्हतं.

"बघतो," ते म्हणाले.

दार बंद झालं. हॉलमध्ये एकटे दाजी.

टॅबलेट घेऊन ते खुर्च्यांमधून मागे चालू लागले. पडद्यावर चोवीस चॅनेल होते, एकेका माइकला किंवा वाद्याला एक; त्यातले वापरात चौदाच. एवढ्यात त्यांचं लक्ष गेलं...

एकोणीस नंबरचा दिवा लुकलुकत होता.

एकोणीसला काहीच जोडलेलं नव्हतं. मिक्सरच्या आतली वायर खराब असेल, म्हणून त्यांनी तो चॅनेल बंद केला.

दिवा लुकलुकतच राहिला.

"आता काय हे नवीन," असं पुटपुटत दाजी पाय ओढत स्टेजवर गेले. एकोणीसच्या भोकात वायर नव्हती. दुसरा कुणी टॅबलेट जोडून बसलाय का, तेही पाहिलं. कुणीच नाही.

परत खाली उतरताना त्यांना जाणवलं...

पाऊल टाकलं की दिवा उजळतो.

थांबलं की विझतो.

हा माणूस खरं तर तिथूनच पळायला हवा होता. पण दमलेल्या माणसाला घाबरायचाही कंटाळा येतो. दाजींनी गळ्यातले बिनतारी हेडफोन कानाला लावले, एकोणीस नंबर ऐकायचं बटण दाबलं आणि चालून पाहिलं.

टप... टप... टप...

त्यांचीच पावलं. पण मागून कुणीतरी ऐकावीत तशी.

दाजी थांबले.

टप... टप...

दोन पावलं जास्त पडली. मग अगदी जवळ एक सुस्कारा.

त्यांनी गर्रकन मागे पाहिलं. नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे सगळं उजव्या कानात ऐकू येतंय.

त्यांनी हेडफोन उलटे घातले. चांगल्या, डाव्या कानात काही नाही. उजव्यात मात्र तो श्वास तसाच.

"खरं सांगू?" दाजी मला नंतर म्हणाले. "भीती मागाहून वाटली गं. आधी रडू आलं. वर्षानं त्या कानात काहीतरी आलं होतं."

ते डोळे पुसत होते, तेवढ्यात कानात कुणीतरी हळूच विचारलं...

"दमलास?"

दाजींच्या तोंडून निघून गेलं, "हो रे बाबा. फार."

"मग बस. मी बघतो."

संध्याकाळच्या कार्यक्रमात दाजी शेवटच्या रांगेत बसून होते. टॅबलेट मांडीवर. दोन्ही हात खाली. पडद्यावर पट्ट्या आपोआप वरखाली होत होत्या. कार्यक्रम संपल्यावर गायिका धावत आली.

"काका, आज काय आवाज लावलात! कम्माल!"



हे कळल्यावर ताईने त्यांना ओढतच कान तपासायला नेलं. मीही गेले. काचेच्या खोलीत बसवून, हातात बटण देऊन तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आवाज आला की दाबायचं."

आधी डावा कान. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. चांगला होता ना हा? बराच उतरलाय, म्हणाल्या.

मग उजव्याची पाळी. दाजी बटण दाबू लागले. एकदा, दोनदा, सारखंच.

बाईंनी उठून दार उघडलं.

"अहो, थांबा! मी अजून आवाज सोडलेलाच नाही."

"तुम्ही नाही हो," दाजी शांतपणे म्हणाले. "तो सांगतोय दाब म्हणून."

ताईने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

आता दाजींकडे कामाची रीघ आहे. असा साउंड कुणालाच जमत नाही, म्हणतात. पण त्यातलं दाजींना काहीही ऐकू येत नाही, कारण डावा कानही आता गेल्यातच जमा आहे.

परवा मी त्यांच्याकडे होते. ताईने हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी खांद्याला हात लावला, तर दाजींनी बोट वर केलं.

"थांब जरा. त्याचं बोलणं होऊ दे."

ताईने समोर जाऊन, एकेक शब्द ओठांनी नीट दाखवत विचारलं, "काय म्हणतोय तो?"

दाजी तिच्याकडे बघून हसले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता.

"काही नाही गं. तुझा आवाज ठेवायचा की काढून टाकायचा, विचारतोय."

ताई सध्या माझ्याकडे राहते आहे. दाजींनी त्याला काय उत्तर दिलं, ते तिने विचारलं नाही. मीही नाही.