तिसऱ्या मजल्यावरचा तास

दार ओढून घ्या, पोरांनो. तिसऱ्या मजल्याला कुलूप का, असं विचारत होतात ना? ऐका मग. ऐकीव नाही, माझ्या दोस्ताची गोष्ट आहे.

गेल्या वर्षीची अकरा जानेवारी. बाहेर उणे एकतीस. आपल्या बॅले मंडळाला पंच्याहत्तर वर्षं व्हायची होती आणि मंडळाचा इतिहास लिहीत होता रोदिओन शिलोव. बहात्तरीचा म्हातारा, एकेकाळचा आपला पहिला नर्तक. प्रयोग संपला पावणेअकराला. पहिल्या दौऱ्याचा फोटो आणायला तो वर निघाला.

“सकाळी जा की. त्या जुन्या तालीमखोलीत गोठशील,” मी म्हणालो.

“सकाळी पानं छापखान्यात जायचीत. तू आपले पडदे ओढ, त्रोफिम.”

“कपितोलिना येगोरोव्नांबद्दल काय लिहिलंस?”

“प्रकृतीमुळे स्वेच्छेने निवृत्त.”

“लाज नाही वाटली?”

तो जिना चढायला लागला. हे मंडळ उभं केलं त्या बाईंनी. आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीवर पहिली सही केली त्यांच्या लाडक्या शिष्यानं, या रोदिओननं. विसाव्या वर्षी, मुख्य भूमिकेसाठी. बाईंना हाकललं. दोन हिवाळ्यांत त्या खंगून वारल्या.

वर काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. तो फोटो शोधत होता. मागे काठी आपटली. ठक्. तालमीत बाई ताल धरायच्या ती काठी.

“रोद्या. पाठ सरळ.”

वळायची हिंमत झाली नाही. हात आपोआप भिंतीवरच्या सरावाच्या दांड्याकडे गेला.

“काय लिहिलंस? वाच.”

“कपितोलिना येगोरोव्ना... प्रकृतीमुळे...”

ठक्. पोटरीवर.

“टाचा वर. पुन्हा.”

“प्रकृतीमुळे...”

ठक्.

“पुन्हा.”

ठक्.

“पुन्हा...”

सकाळी सहाला मी वर गेलो. लोकरी बुटांत, चवड्यांवर उभा होता. ओठ हलत होते. दांड्यावरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पोटऱ्या काळ्यानिळ्या.

त्याच दिवशी त्यानं ते वाक्य खोडलं. खरं लिहिलं, स्वतःच्या नावासकट. संचालकांनी छापलं ते जुनंच. रोदिओन मार्चमध्ये गेला. शेवटपर्यंत कुठं काही ठक् वाजलं की अंथरुणातसुद्धा पावलं ताणायचा.

मीच कुलूप घातलं. परवा छत गळतंय का बघायला उघडलं... नळ गोठलेले. दांडा बर्फासारखा गार. फक्त दाराजवळच्या टोकाला, त्याच्यावर एका पंजाएवढी जागा...

बारीक पंजा. बाईमाणसाचा.

गरम होती. घामानं ओली.