माझ्या नायकाचं स्थळ

रविवारी दुपारी शिवांगीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून मी चुरमुऱ्यांच्या सुशीलासाठी कांदा चिरत बसले होते. शिवांगी माझी धाकटी बहीण. साडी नेसता नेसता तिनं विचारलं, "अक्का, आजचा भाग टाकलीस का?"

"न्हाई. लिहून ठेवलाय. पाहुणे गेल्यावर टाकते."

"रुद्रवीरला मारू नको गं. लई आवडतो मला."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. का ते सांगते. मी मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर टोपणनावानं कादंबरी लिहिते. रुद्रवीर तिचा नायक. आवडलेल्या मुलीला उचलून नेतो, कोंडून ठेवतो, तिचा फोन फोडतो, आणि हे सगळं म्हणे प्रेमापोटी. वाचणाऱ्या पोरींना त्याची किळस यावी म्हणून मी तो लिहिला. आणि या बयांनी काय केलं? खाली लाल बदाम टाकले! 'असाच नवरा हवा.' 'माझ्या आयुष्यात रुद्रवीर कधी येणार?' मी सैतान लिहिला आणि यांनी नवरा वाचला. माझी सख्खी बहीणही त्यातलीच.

पाहुणे आले. मुलगा निलंग्याचा, अमरेश नावाचा, उंच, शांत. सोबत त्याचा मामा. अप्पा खूश, आमची आई, अव्वा, तर लगेच विरघळली. स्थळ आणणारे मलप्पाकाका म्हणाले, "पोरापोरीला बोलू द्या की जरा." दोघं गच्चीवर गेली. थोड्या वेळानं मी चहा घेऊन निघाले.

जिन्यातच वास आला. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचा असतो तसला कुबट वास, आणि तोही भर उन्हात, उघड्या गच्चीवरून येणारा. मग अमरेशचा आवाज ऐकू आला. हळू, एकसुरी.

"तू नाही म्हण. शंभरदा म्हण. मी दाराला कुलूप लावून तुझ्या होकाराची वाट बघेन..."

ट्रे घेऊन मी उरलेल्या पायऱ्या भराभर चढले. हे वाक्य मी त्याच सकाळी लिहिलं होतं. कुणालाही दाखवलं नव्हतं, शिवांगीलासुद्धा नाही.

ती कठड्याला टेकून उभी होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांवर हसू. त्यानं तिचं मनगट असं आवळलं होतं की तिची बोटं काळीनिळी पडत चालली होती, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. तो सावकाश माझ्याकडे वळला.

"पुढं काय लिहिलाव, अक्का?"

"हात सोड तिचा."

"तसं तर लिहिलेलं न्हाई तुम्ही..."

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संताप आला. मी जन्माला घातलेला हा माणूस माझ्याच घरात, माझ्याच बहिणीचा हात धरून मला जाब विचारतो! ट्रे खाली आपटला, फोन काढला आणि त्याच्यासमोर उभी राहून लिहायला लागले. 'तिनं हात झटकला. ती नाही म्हणाली. दार उघडून निघून गेली. समाप्त.' आणि तो भाग तिथल्या तिथं अ‍ॅपवर टाकला.

शिवांगी झोपेतून उठावी तशी दचकली. हात झटकून ओरडली, "न्हाई! मला न्हाई करायचं हे लग्न!" आणि धडधडत खाली पळाली.

तो नुसता हसला. "तुम्ही मला कधी मागितलंच न्हाई, अक्का. ज्यांनी मागितलं, त्यांच्याकडं जातो..."

खाली जाऊन अप्पांच्या पाया पडला. म्हणाला, "पोरीचं मन न्हाई, तर जबरदस्ती कशाला?" अप्पांना गहिवरून आलं! असा गुणी पोरगा हातचा घालवला म्हणून ते आम्हा दोघींवरच उखडले.

मी शिवांगीला आतल्या खोलीत नेलं. तिचा फोन बंद करून कपाटात टाकला, कुलूप लावलं. तेवढ्यात माझा फोन थरथरायला लागला.

धर्माबादच्या ऋतुजा नावाच्या एका वाचक पोरीची प्रतिक्रिया होती. 'ताई, शेवट का केलात? पण जाऊ दे. आत्ता मला बघायला एकजण आलाय. डिट्टो रुद्रवीर!' तिच्याखाली किनवटची एक. 'अय्या, माझ्याकडेपण!' मग रेणापूरची. मी खिडकीतून बघितलं. त्याची गाडी अजून आमच्याच गल्लीत वळत होती.

मी घाईघाईनं लिहिलं, 'नाही म्हणा! आईला हाक मारा! ही कादंबरी नाही, भवान्यांनो!'

त्यावर बदामांचा पाऊस पडला. 'वा! पुढचा भाग सुरू झाला!'

मग पुन्हा ऋतुजा. 'ताई, मी खरंच सांगतेय. तो हात सोडत नाहीये. लई दुखतंय... कुणीतरी या ना...'

त्या वाक्यालाही बदाम पडत गेले. दहा, पन्नास, दोनशे. कोण आहेत या, म्हणून मी संतापानं एकेक नाव बघत गेले.

त्यात एक बदाम शिवांगीचा होता. आत्ताच टाकलेला. शिवांगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि कपाटाची किल्ली माझ्या मुठीत होती.