शेवटचं पाहिलं तेव्हापासून

गोष्ट अपरात्रीची नाही. भर दुपारची आहे. धरमतरची खाडी ओहोटीला मागे सरली की चिखलाचा खारट, कुबट वास घराघरांत शिरतो, त्या वेळची.

रोह्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली मनस्वी पडवीत लॅपटॉप उघडून बसली होती. नवरा धनेश कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. काम मात्र घरचंच होतं. तिचे थोरले दीर जनू माघी अमावस्येच्या उधाणात मिठागराचा फुटलेला बांध बघायला गेले, ते परत आलेच नाहीत. देहही सापडला नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोचं कुंकू पुसायचं, अशी घरातली रीत.

घोळ होता मोजणीत. सासू गोदूबाई ज्या अमावस्येला लेक गेला तीही धरायच्या. त्यांची बारा भरत. जाऊ सगुणा ती सोडून मोजायची, तिची अकराच. खरं तर मनस्वीलाही हे बोटांवर जमलं असतं. पण नव्या सुनेनं कुणाची बाजू घ्यावी? मशीनच्या तोंडून वदवलं की आपल्यावर काही येत नाही.

"माझ्या पोराचा जीव अडकलाय गो," गोदूबाई म्हणाल्या. "सुटू दे त्याला. भटजींना आजच कळवायचं हाय."

स्वयंपाकघरातून सगुणा एवढंच म्हणाली, "नीट मोज."

चार ओळींचा प्रोग्राम. आजच्या तारखेतून शेवटचं पाहिल्याची तारीख वजा करायची. ती सगुणाला पाठच होती. मनस्वीनं बटण दाबलं.

शून्य दिवस.

तिला हसूच आलं. काहीतरी आपलंच चुकलं. तिनं स्वतःच्या लग्नाची तारीख घालून पाहिली. उत्तर चोख; संसाराचा एक दिवससुद्धा माफ नाही. पुन्हा दिरांची तारीख... शून्य. आता मात्र तिला राहवेना. तास आणि मिनिटंही दाखव, असं तिनं प्रोग्रामला सांगितलं.

शून्य दिवस, शून्य तास, चौदा मिनिटं.

लॅपटॉप कडेवर घेतल्यासारखा धरून ती आत गेली.

"वयनी... भावजींना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

ते कधी गेले, हे आजवर सगळ्यांनी विचारलं असेल. हे कुणी विचारलं नसावं. सगुणाचा हात भाकरीवर थबकला.

"मघाशी," ती हळूच म्हणाली. "तू पडवीत येऊन बसलीस ना... तवा. ओहोटीला येतात. बांधावर उभे रवतात. घरात नाय येत... अजून."

"भरली का गो बारा?" गोदूबाई दारात आल्या होत्या. फोन कानाला लावलेला.

मनस्वीनं स्क्रीनकडे पाहिलं. मग सगुणाच्या कपाळाकडे. मशीनच्या आड लपायची सोय संपली होती.

"नाय भरली, आई."

गोदूबाई फोनमध्ये म्हणाल्या, "भटजी, पुढल्या माघात बघू." आणि पाय ओढत बाहेर गेल्या.

सगुणानं शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली. तिघींपुरत्या झाल्या होत्या. बाहेर चिखलाचा वास एकाएकी दाट झाला, जणू कुणी तो तुडवत होतं.

मनस्वीला राहवलं नाही. तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं.

या वेळी आकड्याआधी एक बारीक आडवी रेघ होती. उणे तीन मिनिटं.

तिनं ते दोनदा वाचलं. ही वजाबाकी उणे कधी येते, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती वेळ अजून यायची असेल तेव्हा.

"वयनी..."

सगुणानं मान वर केली नाही. परातीत तिनं आणखी दोन मुठी पीठ घेतलं.