सोमवारची करडं

पाचवं करडू सकाळी नऊला गेलं, आणि केंद्रप्रमुख डॉ. सुब्बारावांनी फौजदारांना चार वाजता यायचा निरोप धाडला.

के. आर. पुरमजवळच्या या शेळी केंद्रात हेमलता १९६३ साली पुण्याहून आली, ती स्वतःचा प्रयोग घेऊनच. करडांना लवकर आईपासून तोडायचं, दुधाऐवजी नाचणीची पेज द्यायची, आणि ती पचावी म्हणून त्यात चमचाभर महागड्या एन्झाइमची पूड घालायची. आठ करडं घेतली होती. आता तीन उरली.

स्वच्छतेत तिने काही कसूर ठेवली नव्हती. उन्हाळ्यात साथ आल्यापासून, करडांच्या तोंडी जाईल ते सगळं उकळलंच पाहिजे, असा तिचा सक्त हुकूम होता. तरी पिल्लं हगवणीने वाळत होती.

पूड चोरल्याचा आळ आला मालनबाईवर. चामराजपेटची ही विधवा करडांना पेज शिजवून चारायची.

"डब्यातली पूड अस्सल आहे, तुम्हीच तपासलीत," डॉक्टर हेमलताला म्हणाले. "पातेल्यातल्या पेजेत मात्र तिचा गुण नाही. मधल्यामध्ये गेली कुठे? नोंदवही बघा. करडं फक्त सोमवारी बरी असतात. रविवारी बाईची सुटी, गोठ्यातला गुंडो चारतो. चोर कोण ते आणखी कसं सांगू?"

हेमलताने नोंदवही चाळून मिटली. बाईचं तोंड खरं वाटत होतं आणि नोंदवहीही खोटी नव्हती. ती तडक चुलीपाशी गेली.

मालनबाईचे डोळे रडून सुजले होते.

"पूड कधी घालता?"

"पेज रटरटायला लागली की, अक्का."

"पूर्ण चमचा?"

"शिगोशीग. मुलाची शपथ घेते. पोलीस घरी आले तर मी गल्लीत तोंड कसं दाखवू? मुलीचं लग्न ठरलंय हो!"

"आज माझ्यासमोर घाला."

मालनबाईने घातली. चमचा पातेल्यात रिता झाला, हेमलताने डोळ्यांनी पाहिलं. वाटीभर पेज निववून तिने आयोडीनचा थेंब टाकला. गर्द निळी. म्हणजे आयोडीनने निळं होणारं नाचणीतलं पिष्ट जसंच्या तसं. पूड समोर पडली होती आणि तरी नव्हती!

साडेतीन वाजले होते. तिने गोठ्यामागे गुंडोला गाठलं.

"रविवारी पेज कोण शिजवतं?"

"मालनक्का शनिवारीच करून ठेवते."

"आणि पूड?"

"मी घालतो, रविवारी."

"मग उकळतोस?"

गुंडो पायाकडे बघू लागला. "रागवू नका, अक्का. चूल पेटवायचा स्वल्प कंटाळा येतो. थंडच देतो."

हेमलता चुलीपाशी परतली. मग तिने गार पेजेत पूड कालवली, थोडा वेळ थांबली आणि आयोडीन टाकलं. निळा रंग आलाच नाही.

चार वाजता फौजदार डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. मालनबाई दाराशी उभी होती. हेमलता दोन्ही वाट्या घेऊन आली.

"पूड चोरीला गेली नाही, साहेब. रोज पातेल्यात पडत होती आणि तिथेच मरत होती. एन्झाइम उकळीत टिकत नाही. मालनबाई ती रटरटत्या पेजेत घालायची, म्हणून पिल्लांच्या पोटात निव्वळ न पचणारं पिष्ट गेलं. गुंडोने आळस केला, हुकूम मोडला, म्हणून सोमवारी करडं बरी दिसायची."

"मग दोष बाईचाच!" डॉक्टर म्हणाले.

"नाही. सगळं उकळा, हा हुकूम माझा होता. पूड आली तेव्हा ती उकळीतून वगळायला हवी, हे एवढं शिकलेल्या मला सुचलं नाही. पाच करडं मी मारली. लिहून देते."

फौजदारांनी टोपी उचलली. डॉक्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला. हेमलताने राजीनामा लिहिला, सही केली, आणि बाहेर येऊन मालनबाईचे हात धरले.

"तुमच्यावर चोरीचा आळ आला, तो माझ्यामुळे. मला माफ करा."

मालनबाईने हात सोडवून घेतले.

"आळाचं सोडा, अक्का. पाचही माझ्या मांडीवर गेली. एकेक गेलं की मला वाटायचं, माझं उकळणंच कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक उकळी काढायची."