युनथानचा उपडा दगड

फांग यालान सरोवरात उतरत होती ती एका नावासाठी. आजीच्या नावासाठी! फांग कुळाची वंशावळ पहिल्यांदाच बायकांच्या नावांसह छापली जाणार होती आणि मजकूर द्यायची मुदत उद्या संपत होती. आजी गेली तेव्हा यालानचे बाबा चार वर्षांचे होते. तिचं नाव सांगू शकेल असं एकही माणूस आता उरलं नव्हतं. उरला होता तो थडग्यावरचा दगड, बुडालेल्या युनथान गावाच्या कडेला, एकोणतीस मीटर पाण्याखाली.

त्र्याहत्तर वर्षांचे बाबा, शौरेन, नावेच्या सुकाणूवर बसले होते.

"धरणाचं पाणी चढायला लागलं, तेव्हा अक्षरं झिजू नयेत म्हणून माझ्या बापानं दगड उपडा घातला," ते म्हणाले. "दुसऱ्या टोकाला मीच धरला होता."

"आणि वाचला नाहीत, काका?" यालानचा चुलतभाऊ वेइमिन पाठीवर हवेची टाकी चढवत म्हणाला.

"तेव्हा मला अक्षरओळख असती तर तुला कशाला आणलं असतं, ढेरपोट्या?"

वेइमिन हसला, पण त्याचं हसू कोरडंच होतं. आधीच्या दोन बुड्या फुकट गेल्या होत्या. पहिल्यांदा थडगंच सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं, पण दगड तसूभर हलला नाही.

दोघांनी उडी घेतली. वरचं हिरवं पाणी दहा मीटरवर काळवंडलं आणि थंडी हाडांत शिरली. विजेरीच्या झोतात युनथानची वेस आली, मग एका घराचा दरवाजा. त्याला अजून कुलूप होतं. घरवाले परत यायच्या हिशेबानंच निघाले असावेत. यालानला त्यांची कीव आली आणि मग एका नावासाठी इथवर आलेल्या स्वतःचीही.

अचानक ती मागे खेचली गेली. कोळ्यांचं जुनं जाळं! टाकी अडकली. वेइमिननं सुरी काढली. एक दोर तुटला. दुसरा तुटला. ती सुटली, पण घाबरून तिनं हवा भसाभसा ओढली होती. टाकीतल्या हवेचा काटा निम्म्याखाली आला होता.

दगड शेवाळानं माखून तसाच पडला होता. त्यांनी दोर बांधला आणि फुगवायची पिशवी अडकवली. यालाननं आपल्याच टाकीतली हवा तिच्यात सोडली. पिशवी ताठ झाली. दगड हलला! एक कड वर आली आणि साठ वर्षांचा गाळ उसळला. विजेरी आंधळी झाली.

वेइमिननं तिचा दंड दोनदा दाबला. वर चल!

तिनं नकारार्थी मान हलवली. हातमोजा काढून फेकला. बोटं दगडाखाली घातली. वरून खाली, एकेक अक्षर चाचपत गेली. फांग. पुढे, माता. मग यू. आजीच्या माहेरचं आडनाव! आता पुढचं अक्षर, तिचं स्वतःचं नाव. एक रेघ, वळण, आकडी...

'कुळातली.'

तिनं पुन्हा चाचपलं. तेच! त्याखाली 'समाधी' होतं आणि त्याखाली काहीच नव्हतं.

पिशवी घसरली. दगड कोसळला! तिनं बोटं ओढून घेतली, तरी दोन चिरडलीच. हवेचा काटा तांबड्यात होता. वेइमिननं आपली जादा नळी तिच्या तोंडात खुपसली आणि पट्ट्याला धरून तिला वर नेलं. पाण्याचा दाब उतरल्याची शरीराला सवय व्हावी म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं भाग होतं. त्या तीन मिनिटांत ती मुखवट्याच्या आत ढसाढसा रडली.

नावेत चढल्यावर बाबांनी तिच्या बोटांना आपला रुमाल गुंडाळला. मग विचारलं.

"काय होतं?"

तिनं रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

"गुइचेन!" वेइमिन घाईघाईनं म्हणाला. "काका, गुइचेन लिहिलं होतं."

"तू वाचलंस?"

वेइमिननं नजर चुकवली.

"यालान, तू सांग."

"यू कुळातली. एवढंच, बाबा."

बाबा सुकाणूकडे वळले.

"दगड बापानंच कोरवून घेतला होता," ते म्हणाले. "त्याला तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक."

"तुम्ही तिला काय म्हणायचात?"

"आई म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?" त्यांनी इंजिन सुरू केलं. "पण ते काही वंशावळीत छापत नाहीत."