ट्रक रिकामा झाल्यावर

धुळ्याहून जळगावकडे निघालेल्या एसटीत हेमांगीच्या खिडकीची काच पूर्ण बंद होत नव्हती. जानेवारीचा वारा थेट कानात शिरत होता आणि तिला तर फोनवर बोलायचं होतं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने हातातल्या वर्तमानपत्राची घडी केली, काचेच्या फटीत खोचली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. आभार मानायचीसुद्धा सवड दिली नाही.

हेमांगी वकील होती, पण काळा कोट तिच्या अंगावर क्वचितच चढायचा. धुळ्यातल्या प्रमिला मॅडमच्या ऑफिसात तिचं काम निराळं होतं. एखादी कंपनी दुसऱ्याचं सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या बेतात असली, की आधी ते कायद्याच्या नजरेने तपासून घ्यायची. कुणाचा कोड उचलला आहे का, लोकांची माहिती त्यांना न विचारता गोळा होते का, उद्या कोर्टाची पायरी चढावी लागेल असं आत काही दडलंय का... असं सगळं. आता हा कोड आधी एक एआय टूल वाचायचं आणि धोक्याच्या जागांवर लाल नाहीतर पिवळी खूण करून द्यायचं. त्यातली कुठली खूण खरी, कुठली उगाच, हे ठरवायला मात्र माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे हेमांगी.

"हो मॅडम, बरंच लाल आलंय," ती फोनवर सांगत होती. "नकाशाचा अख्खा भाग दुसऱ्याचा आहे, त्याचा परवाना वाचलेलासुद्धा दिसत नाही. आणि एका फाईलचं नाव काय असावं? 'चालू आहे, हात लावू नका'... नाही, अजून भेट नाही झाली. पण माणूस बेफिकीर असणार."

शेजारच्या माणसाने डोळे उघडले.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "फाईलच्या नावावरून माणूस कळतो का हो?"

"तुम्ही झोपला होतात ना?"

"झोपलो होतो... बेफिकीर हा शब्द जरा मोठ्याने आला."

"चुकलंच माझं. बसमध्ये बोलायला नको होतं."

"मला तर तो माणूस जपणारा वाटतो. हात लावू नका म्हणतोय, म्हणजे जीव आहे त्याचा त्यात."

"जीव असता तर नीट दुरुस्त केलं असतं."

"वेळ मिळाला नसेल."

"म्हणजे आळशी."

"बेफिकीरवरून आळशी..." त्याने विचार केल्यासारखं केलं. "चला, सुधारणा आहे."

हेमांगीला हसू आलं. ते लपवायला ती खिडकीकडे वळली. एरंडोल मागे पडेपर्यंत ती तशीच बाहेर बघत राहिली. तो आपल्याकडे बघत नाहीये, हे तिने दोनदा तपासून पाहिलं.

जळगावात मेहरूणच्या तलावाजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या ॲपचं ऑफिस होतं. ती रिक्षाने पोचली तेव्हा दारात तोच उभा होता. स्टँडवर लावलेल्या मोटारसायकलने तिच्या आधी येऊन पोचला होता.

"योगराज," त्याने नाव सांगितलं. "बेफिकीर आणि आळशी. क्रम तुम्ही लावा."

हेमांगीचे कान तापले. "बसमध्येच सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही जळगावपर्यंत तोंड उघडलं नसतं."

तिने लॅपटॉप उघडला.

योगराज रावेरचा. वडिलांचं केळी भरण्याचं काम होतं. लहानपणापासून त्याने एकच रडगाणं ऐकलेलं... ट्रक कुठे अडकला कळत नाही, माल वाटेतच पिकून जातो. म्हणून त्याने हे ॲप बांधलं. शेतकऱ्याने माल सांगायचा, ट्रक ठरायचा आणि तो कुठवर पोचला ते फोनवर दिसत राहायचं. आता पुण्याची एक कंपनी ते घ्यायला निघाली होती. सोबत योगराजलाही पुण्यात मोठी जागा मिळणार होती.

"ही लाल खूण गंभीर आहे," हेमांगी म्हणाली. "तुमचं ॲप प्रत्येक शेतकऱ्याला जात विचारतं."

"विचारतं."

"आणि हे तुम्ही इतक्या सहज सांगताय? जात विचारायचं कारण काय?"

"भाव त्यावरच ठरतो ना."

हेमांगी त्याच्याकडे बघतच राहिली. तो अगदी गंभीर होता. डोळ्यांच्या कडा तेवढ्या जरा हलत होत्या.

"केळीची जात, मॅडम. बसराई का श्रीमंती, ते."

ती किती वेळ हसली ते तिचं तिलाच कळलं नाही. टूल बिचारं. त्याने जात हा शब्द पाहिला आणि कायद्याला स्मरून लाल खूण केली. तिने ती स्वतःच्या हाताने पुसली, शेजारी कारण लिहिलं.

त्यानंतर ती जळगावला येत राहिली. काम थोडं फोनवरही झालं असतं. पण समोर बसून लवकर होतं, असं ती मॅडमना म्हणाली आणि स्वतःलाही. नकाशाचा उसना भाग योगराजने मुकाट्याने काढला, दुसरा बसवला. संध्याकाळी बसला वेळ असला तर दोघं तलावाच्या कडेने चालायचे. तो डाव्या बाजूने चालायचा, कारण तिकडून वारा यायचा. हे तिच्या लक्षात यायला चार फेऱ्या लागल्या.

"पुण्याला करमेल तुम्हाला?" एकदा तिने विचारलं.

"तुम्ही होतात ना तिथे? तुम्हाला करमलं?"

"दोन वर्षं काढली. मग परत आले."

"मग मलाही..." तो थांबला. "बघू. अजून कुठे काय ठरलंय."

पाण्यावरचा उजेड विझत चालला होता. तिने शाल घट्ट केली. तो पुढे काही बोलेल असं तिला वाटलं, आणि तो बोलला नाही याचं बरंही वाटलं.

ती पिवळी खूण मात्र राहून गेली होती. साधीच होती. ट्रक कुठे आहे ते दिसावं म्हणून ड्रायव्हरची परवानगी घेतलेली, तरी जागेची नोंद कधी थांबते ते एकदा बघावं, एवढंच टूलने सुचवलं होतं. हेमांगीने तो भाग योगराजकडून ओळीओळीने समजून घेतला. मग विचारलं, "माल उतरवला, ट्रक रिकामा झाला. नोंद कुठे थांबते?"

योगराजने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"थांबत नाही," तो म्हणाला.

"ड्रायव्हरला माहीत आहे?"

त्याने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. नवलभाऊ दोंडाईच्याचे ड्रायव्हर. योगराजचा पहिला माल त्यांनीच वाहिला होता.

"नवलभाऊ, गाडी खाली झाल्यावरही तुम्ही कुठे आहात ते आमच्याकडे दिसत राहतं. तुम्हाला माहीत होतं का?"

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"गाडी खाली व्हयनी तरी बी?" नवलभाऊ म्हणाले. "मंग मी पोरगीना घर गऊ, ते बी दखायनं?"

"हो, भाऊ."

"मंग माले सांगनं व्हतं ना."

आवाजात राग नव्हता. फोन बंद झाला. योगराज टेबलाकडे बघत बसला.

"आधी चुकून राहिलं होतं," तो म्हणाला. "मग कळलं, तेव्हा ठेवून दिलं. रिकामे ट्रक कुठे थांबतात, याचीच त्या कंपनीला जास्त गरज आहे. तिथे पंप टाकायचे, टायरची दुकानं टाकायची..."

"हे लाल होणार."

"टूलने पिवळं दाखवलंय."

"टूलने पिवळं दाखवलंय. लाल मी करतेय."

"आणि पिवळंच राहिलं तर?"

हेमांगीने लॅपटॉप मिटला. "हे तुम्ही विचारलंच नाही, असं मी धरते."

"नका धरू," तो हळू म्हणाला. "विचारलं मी."

त्या दिवशी ते तलावाकडे गेले नाहीत. परतीच्या बसमध्ये तिने लाल खुणेखालचा मजकूर लिहायला घेतला. कायद्याचं कलम आठवायला काही त्रास झाला नाही. त्रास दुसराच होता. प्रत्येक वाक्य लिहून झालं की ती ते जरा मऊ करत होती. पारोळ्याच्या पुढे हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने लिहिणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रमिला मॅडमसमोर उभी राहिली. "हे काम माझ्याकडून काढून घ्या."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "लाल ठेवलंस की पिवळं?"

"लाल."

"मग काम तर बरोबर झालं."

"झालं. पण लाल लिहिताना मला वाईट वाटलं, मॅडम. ते वाटायला नको होतं."

मॅडमनी फाईल स्वतःकडे ओढून घेतली. "मी पहिल्यापासून पुन्हा बघते. आणि हे मिटेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही."

हेमांगीने योगराजला तेवढंच कळवलं... काम आता माझ्याकडे नाही, ते संपेपर्यंत बोलणं होणार नाही. त्याचं उत्तर आलं, "बरं." एकच शब्द. तिने तो बरेचदा वाचला. त्यात राग होता का, ते कुठल्याच बाजूने कळत नव्हतं.

फेब्रुवारी अर्धा गेला. ऊन चटके देऊ लागलं. मग एका दुपारी मॅडम सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या केळीवाल्या ॲपची फाईल बंद झाली. मीही लालच ठेवलं. त्याने रिकाम्या ट्रकची नोंद बंद केली, जुन्या सगळ्या पुसल्या, ड्रायव्हरांना एकेकाला फोन करून सांगितलं. त्यावर कंपनी म्हणाली, मग आम्हाला नको." फाईल कपाटात ठेवत त्या म्हणाल्या, "उद्या ऑफिस बंद आहे. मी नाशिकला चाललेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी जळगावच्या बसमध्ये बसली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर पोचली, तर दाराला कुलूप. पुण्याला गेला असेल? पण पुणं तर मोडलं... तिने फोन लावला.

"कुठे आहात?"

"तुमच्या ऑफिससमोर," योगराज म्हणाला. "कुलूप आहे इथे."

हेमांगी पायरीवर बसली. "मी तुमच्या ऑफिससमोर आहे."

"तिथेच थांबा, मी येतो."

"नको. तुम्ही निघा, मीही निघते. वाटेत पारोळ्याला उतरा."

पारोळ्याच्या स्टँडवर ती पोचली तेव्हा तो बाकावर बसला होता. वाळला होता जरा. तिला पाहून उठला, मग काय करावं न सुचून पुन्हा बसला.

"कंपनी गेली," तो म्हणाला.

"कळलं. वाईट वाटतंय?"

"वाटतंय. पुसताना हात अडखळला माझा. खोटं कशाला सांगू? नवलभाऊंनी मात्र ॲप ठेवलंय. बाकीच्यांतले काही गेले, काही आहेत." तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. "तुम्ही काम सोडलंत, तेव्हा वाटलं... माझ्या त्या प्रश्नानंतर तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल."

"राग आला होता. पण म्हणून नाही सोडलं."

"मग?"

समोरून एक बस वळून गेली. धूळ खाली बसेपर्यंत हेमांगी थांबली.

"लाल लिहिलं आणि मला तुमच्यासाठी वाईट वाटलं. ज्याच्यासाठी असं वाटतं, त्याचं काम तपासायचं नसतं. मॅडमना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मॅडमना माहीत आहे?"

"आहे."

"म्हणजे सगळ्यात शेवटी मला कळतंय."

"हो." मग ती म्हणाली, "तू धुळ्याला काय सांगायला गेला होतास?"

तो 'तू' त्याने ऐकला. मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"धुळ्यापर्यंत सगळं पाठ होतं," तो म्हणाला. "चांगली चार वाक्यं होती. आता एकच आठवतंय."

"मग एकच सांग."

"मी जळगाव सोडणार नाहीये. तू धुळ्याची. रोज कुणाला ना कुणाला बस पकडावी लागेल... आणि मला ते चालेल. जन्मभर चालेल."

बाकावर दोघांच्या मध्ये तिची पर्स होती. तिने ती उचलली, दुसऱ्या बाजूला ठेवली आणि रिकाम्या झालेल्या जागेत सरकून बसली.

धुळ्याची गाडी लागली. कंडक्टरने दारातून दोघांकडे पाहून विचारलं, "धुळे?"

"पुढच्या गाडीने," हेमांगी म्हणाली.