झाकणाखालची जाग

"काका, मी चोर न्हाई. एवढं मालकांसमोर सिद्ध करून द्या," खुर्चीत टेकायच्या आधीच अंकिता बोलून मोकळी झाली.

फौजेच्या संदेशवहन करणाऱ्या सिग्नल तुकडीतून निवृत्त झालेले नाथाजी साताऱ्यात बसून संगणकांच्या भानगडी उकलत. सोबत त्यांच्याच पलटणीतले लालासाहेब. मन सोन्याचं, डोकं जरा सावकाश.

वडूजची अंकिता कुपवाडला तवनाप्पांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची. लॅपटॉप संध्याकाळी पूर्ण चार्ज करून, झाकण मिटून कपाटात जाई. काही सकाळी मात्र बॅटरी पार उतरलेली असे. मालकांना वाटलं, ही मागं थांबून ड्रॉइंग चोरते.

"कपाटाची किल्ली सगळ्या कामगारांसमोर माझ्या हातातनं काढून घेतली. आता नोकरी जाणार. हा शिक्का घेऊन कुठल्या तोंडानं वडूजला जाऊ?"

"कुलूप लावल्यावर कपाट परत उघडलं होतंस कधी?" नाथाजींनी विचारलं.

"एकदाच. डबा आत राहिला होता, तासाभरानं आले. लॅपटॉप मिटलेला, पण तव्यागत गरम. नेमकं मालकांच्या पुतण्यानं बघितलं."

दुसऱ्या दिवशी तिघं कुपवाडला पोचले. तवनाप्पांनी शर्टाच्या खिशातून बिनवायरच्या माऊसचा नखाएवढा डोंगल काढून लॅपटॉपला लावला.

"रोज जाताना मीच काढून खिशात टाकतो. एक हरवलाय मागं. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

"बॅटरी कवा उतरते?" नाथाजींनी विचारलं.

"अष्टमीला न्हाईतर चतुर्दशीला. त्या दिवशी माझा उपास. काम चालू असतानाच उठतो, हितंच धोतर-उपरणं नेसून देवळात जातो. मागं ही एकटी. आता तुमीच सांगा!"

"ह्यो तर पक्का पुरावा हाय गड्या," लालासाहेब पुटपुटले. अंकिताचं तोंड उतरलं.

पुतण्या भरतेश तोऱ्यात होता. "कपाट उघडताना मी स्वतः बघितलंय. लॅपटॉपची काळजी मीच घेतो. दिवाळीनंतर लिनक्सचा कर्नलसुद्धा नवा घातला."

"बॅटरीचा त्रास कवापासनं?"

"दिवाळीनंतरच. ही दोन वर्षं हाय म्हणा, पण बुद्धी आत्ता फिरली असंल."

नाथाजींनी लॅपटॉपमधल्या नोंदी चाळल्या आणि गालात हसले. मग तीन वेळा लॅपटॉप चालू करून, झाकण मिटून तासतासभर कपाटात ठेवला. लालासाहेब तेवढ्यात तीन चहा प्याले. दुपारी नाथाजींनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं.

"कर्नल म्हणजे संगणकाचा मुकादम. कुणी जागायचं, कुणी झोपायचं, तो ठरवतो. झाकण मिटलं की हा लॅपटॉप झोपतो. नव्या कर्नलमध्ये एक खोट आहे. डोंगल लावलेला असला, की लॅपटॉप झोपला न झोपला तोच जागा होतो. पडदा काळा, आत मात्र काम चालूच. म्हणून तो गरम."

"पण अष्टमी-चतुर्दशीच का?" लालासाहेबांनी विचारलं.

"रोज डोंगल मालकांच्या खिशात जातो. त्या दोन तिथींना ते निघतात तेव्हा काम चालू असतं, म्हणून तो जागच्या जागी राहतो. धोतराला खिसाही नसतो. अंकितानं तो काढायचा नाही, हा मालकांचाच हुकूम. पोरीनं पाळला."

"ह्याला पुरावा?" भरतेशचा आवाज उतरला होता.

"डोंगल काढून ठेवला, लॅपटॉप गार. डोंगलसकट ठेवला, गरम. जुना कर्नल निवडून डोंगलसकट ठेवला, पुन्हा गार. आणि नोंदी वाचा. त्या प्रत्येक संध्याकाळी झाकण मिटलं, झोप, लगेच जाग. पण बॅटरी संपेपर्यंत झाकण एकदाही उघडलेलं नाही. न उघडता ड्रॉइंग कशी चोरणार?"

आपल्या शिस्तीनंच एका निर्दोष पोरीवर बालंट आलं, हे तवनाप्पांना फार लागलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"चुकलं माझं. घे."

अंकिता जागची हलली नाही.

"आवं मालक, काढून घेतली तवा सगळ्यांसमोर माझ्या हातातनं घेतली होती. द्यायची बी तशीच."

भरतेश काही बोलणार, तोच तवनाप्पांनी त्याला हातानं थांबवलं. ते उठून दारात गेले आणि ओरडले, "लेथ बंद करा. सगळी हिकडं या."

एकेक यंत्र थांबलं. हात पुसत कामगार गोळा झाले. शेवटचा माणूस येईस्तोवर तवनाप्पा थांबले, आणि मग त्यांनी किल्ली अंकिताच्या हातात दिली.